डबा फोडल्यावर दिसतं ते

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात ऑइल फिल्टर मागितला की आधी गाडीची चौकशी होते: मॉडेल, साल, पेट्रोल की डिझेल. मग तीन-चार खोकी काउंटरवर येतात. आतले डबे दिसायला सारखेच. वर पत्रा, तोंडाशी रबरी रिंग, मधोमध आटे. किमतीत मात्र दुप्पट-तिप्पट फरक, आणि तो कशाचा हे खोकं वाचून कळत नाही.

आमचे मिस्त्री उतरवलेले फिल्टर कापून बघतात. तेही कटरने. करवतीचा कीस आत पडला तर इंजिनातून आलेले धातूचे कण कोणते आणि आपणच पाडलेले कोणते, हे सांगता येत नाही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे फिल्टर त्यांनी उघडून शेजारी ठेवले होते. एकातल्या कागदाच्या घड्या साडीच्या निऱ्यांसारख्या, अगदी एकसारख्या. दुसऱ्यात घड्या कमी, काही एकमेकींना चिकटलेल्या, आणि कागदाची दोन टोकं जिथे जोडतात तो सांधा उकललेला. तेल सोपी वाट धरणारच. ते न गाळता तिथूनच पुढे जाणार.

"कागद सगळे बघतात, झडप कुणी बघत नाही," मिस्त्री म्हणाले. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं तेल परत ओघळू नये म्हणून आत रबराची चकती असते. साधं नायट्राइल रबर उष्णतेने हळूहळू कडक होतं, सिलिकॉन जास्त काळ मऊ राहतं. चकती कडक झाली की रात्रीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी स्टार्टर मारल्यावर तेल वर चढेपर्यंत इंजिन खडखडतं. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल, तर या चकतीवरच सगळी भिस्त. नव्या फिल्टरच्या तोंडाशी असलेल्या भोकांतून ती दिसते, दुकानातच स्वच्छ काडीने हलकेच दाबून बघता येते. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्यावं.

दुसरी झडप बायपासची. कागद तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट झालं की ती उघडते, कारण इंजिनाला तेलच न मिळण्यापेक्षा न गाळलेलं तेल परवडलं. ती किती दाबाला उघडावी हे इंजिनावर ठरतं. म्हणून आटे जुळले एवढ्यावर फिल्टर घेऊ नये, पार्ट नंबर जुळवावा.

सिंथेटिक जाळीचा महाग फिल्टर लांब पल्ल्याच्या तेलबदलाला शोभतो. दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला तेल बदलणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे का मोजावेत? गाडीच्या कंपनीचा, नाहीतर बॉश, माले, प्युरोलेटर यांपैकी एखादा पुरतो. तीन-चार लिटर नवं तेल ओतायचं आणि फिल्टरवर पन्नास रुपये वाचवायचे, हा हिशेबही मला पटत नाही. पक्कं बिल घ्यावं आणि रिकामं खोकं फाडून टाकावं. त्यात डुप्लिकेट माल भरून पुन्हा विकला जाऊ शकतो.

बसवताना रिंगला नव्या तेलाचं बोट फिरवायचं, रिंग टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळायचं. त्याआधी जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे चाचपायचं. दोन रिंगा एकावर एक बसल्या, तर महागातला फिल्टरही गळणारच.