ब्रेक मऊ का पडतो?

एक जुनी मोटार घाट उतरत आहे अशी कल्पना करा. प्रत्येक वळणावर ड्रायव्हर ब्रेक दाबतो आहे. निम्मा घाट उतरून होतो आणि पायाखालचे पेडल एकाएकी मऊ पडते. कणकेच्या गोळ्यात पाय रुतावा तसा तो खाली जातो, पण गाडीचा वेग काही कमी होत नाही. ड्रायव्हर अनुभवी असतो. तो गिअर खाली आणतो, हातब्रेक हळूहळू ओढतो आणि गाडी डोंगराच्या कडेला नेऊन उभी करतो. अर्ध्या तासाने पाहावे तो ब्रेक पूर्वीसारखा कडक! पायथ्याच्या गॅरेजात मिस्त्री सगळे तपासतो. तेल कोठे गळत नाही, नळी फुटलेली नाही. मग बिघाड गेला कोठे?

हे कोडे सोडवण्यासाठी जुन्या गाडीचा ब्रेक आतून पाहू. अँबॅसिडर, पद्मिनी या गाड्या आता थोड्याच उरल्या आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरची पद्मिनी टॅक्सी तर २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. पण त्यांचा ब्रेक समजायला फार सोपा आहे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडर नावाच्या नळकांड्यातील दट्ट्या पुढे सरकतो. हे नळकांडे, त्यातून निघणाऱ्या बारीक नळ्या आणि चाकांपाशी असलेली छोटी नळकांडी या सर्वांत ब्रेक ऑइल गच्च भरलेले असते. त्यावरचा दाब चाकापर्यंत पोचतो, तेथील दट्टे बाहेर सरकतात आणि अर्धगोल आकाराचे दोन ‘शू’ फिरत्या ड्रमला आतून घट्ट टेकतात. शूवर लायनर बसवलेला असतो. त्याच्या घर्षणाने चाक थांबते.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा सतराव्या शतकातील नियम तुम्ही शिकला असाल. त्याचाच हा उपयोग. चारही चाकांना असे ब्रेक असलेली ड्युसेनबर्ग ही मोटार अमेरिकेत १९२१ मध्ये आली.

आता थोडा हिशेब करू. समजा, मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर आहे आणि तो अडीच सेंटिमीटर सरकू शकतो. म्हणजे एका दाबात तो फार तर १० घन सेंटिमीटर तेल पुढे ढकलणार. चहाचे दोन चमचे! तेल दाबले तरी जवळजवळ आकसत नाही, म्हणून एवढ्याशा तेलावर भागते. पण नळीत १० घन सेंटिमीटर हवा शिरली असेल तर? दाब वातावरणाच्या २५ पट झाला की बॉइलच्या नियमाप्रमाणे ती हवा ०.४ घन सेंटिमीटरमध्ये मावते. दट्ट्याची सगळी धाव हवा दाबण्यातच संपते आणि चाकापर्यंत काही पोचत नाही.

हे घरी करून पाहा. सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या, म्हणजे सिरिंज, घ्या. त्या बारीक रबरी नळीने जोडा आणि पाण्याने पूर्ण भरा. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा लगेच उठेल. मग नळीत हवेचा मोठा बुडबुडा ठेवून, दुसऱ्या दट्ट्यावर बोट धरून पुन्हा दाबा. हाताला जो लवचीकपणा जाणवतो, तोच ड्रायव्हरच्या पायाला जाणवतो.

म्हणूनच चांगला मिस्त्री पाना हाती घेण्यापूर्वी नुसता पेडलवर पाय ठेवतो. पेडल स्प्रिंगसारखे लागले तर नळीत हवा आहे. पहिल्या दाबात ते खोल गेले, पण दोनतीनदा पंप केल्यावर वर येऊन कडक लागले, तर लायनर झिजून शू ड्रमपासून लांब राहिले आहेत. पाय तसाच दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली बसत गेले, तर तेल निसटते आहे. बाहेर थेंब दिसत नसला तरी मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर खराब होऊन तेल आतल्या आत मागे जात असेल. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या लायनरवर तेल किंवा ग्रीस पडलेले असू शकते. याहून फसवा बिघाड जुन्या रबरी होजचा. तो बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगलेला असतो. पायाच्या जोराने तेल पुढे जाते, मागे मात्र लवकर येत नाही. चाक धरून राहते आणि ड्रम तापतो.

आता आपले कोडे. १,००० किलोग्रॅमची मोटार खंडाळ्याहून खोपोलीला सुमारे ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ४९ लाख जूल ऊर्जा कोठेतरी जावी लागते. एवढ्या उष्णतेने १६ लिटर पाणी उकळू लागेल! काही ऊर्जा हवेचा विरोध आणि इंजिन घेते, उरलेली ड्रम तापवते. तेथून उष्णता चाकाच्या नळकांड्यातील तेलापर्यंत जाते.

ब्रेक ऑइलला एक खोड आहे. ते हवेतील बाष्प शोषते. ‘डॉट ३’ जातीचे ताजे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळू नये असा दंडक आहे. त्यात शेकडा ३.७ भाग पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. वर्षानुवर्षे न बदललेले तेल घाटात तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. एक घन सेंटिमीटर पाण्याची वाफ सुमारे १,६०० घन सेंटिमीटर जागा घेते, तेव्हा थेंबाचा अंशही पुरे. वाफ तेलाला मागे टाकीत ढकलते आणि पेडल मऊ पडते. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते, टाकीतील तेल परत नळीत उतरते आणि मिस्त्रीला शोधायला काहीच उरत नाही!

पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल तर मात्र तेलाला दोष देऊ नये. तेव्हा फाजील तापल्यामुळे लायनरचेच घर्षण कमी झालेले असते.

जो गिअर चढताना, तोच उतरताना, असे जुने ड्रायव्हर म्हणतात ते याचसाठी. मग वेग आवरण्याचे बरेचसे काम इंजिन करते. शिवाय दर दोन वर्षांनी सगळे तेल बदलून नळ्यांतील हवा काढून घ्यावी. टाकीत चुकूनही इंजिन ऑइल ओतू नये, त्याने रबरी वॉशर फुगतात. आणि ब्रेक ऑइलचा नवा डबासुद्धा पावसाळ्यात उघडा राहिला तर फळीवर बसल्या बसल्या पाणी पितो.