हरणटोळाची दोनशे वर्षं

म्हसावदहून राणीपूरमार्गे तोरणमाळच्या घाटाला लागलं की पानगळीचं रान सुरू होतं. हरणटोळ अशा रानातला साप. झाडाखालून जाणाऱ्याच्या टाळूवर तो चावतो, ही समजूत जुनी आहे आणि तिच्यापायी त्याने काठ्याही पुष्कळ खाल्ल्या आहेत.

माणसाच्या टाळूशी त्याला काही देणंघेणं नाही. त्याला हवा असतो सरडा, बेडूक, एखादं लहानसं पाखरू. पोपटी, वेलीसारखं सडपातळ अंग, पुढे आलेलं टोकदार नाक आणि डोळ्यातली बाहुली चक्क आडवी. डोळ्यापासून नाकाकडे एक खाच जाते, त्यामुळे दोन्ही डोळे समोरच्या एकाच सरड्यावर रोखता येतात आणि अंतराचा नेमका अंदाज येतो. सापांमध्ये ही सोय विरळाच. विष सौम्य, विषाचे दातही जबड्यात मागे. डिवचलं तर अंग फुगवतो आणि हिरव्या खवल्यांमधून काळी-पांढरी नक्षी उमटते. हरणटोळाची मादी अंडी घालत नाही, पिल्लंच देते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ऑगस्ट 1885 पासून एकटी ठेवलेली एक मादी ऑगस्ट 1888 मध्ये व्याली! नराचं बीज तिने एवढा काळ पोटात जपलं असावं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

नावाचा घोळ मात्र फार लांबला. थॉमस बेलने 1825 मध्ये दिलेलं ‘ऑक्सीऱ्हिंका’ हे नाव मागे पडलं. 1890 मध्ये बुलेंजरने ‘ड्रायोफिस मायक्टेरिझन्स’ वापरलं, पुढे ‘अहेतुल्ला नासुटा’ रूढ झालं. 2020 मध्ये अशोक कुमार मल्लिक आणि सहकाऱ्यांनी शरीररचना आणि डीएनए ताडून पाहिले, तेव्हा नासुटा श्रीलंकेपुरता उरला. उत्तर सह्याद्रीतला ‘बोरिॲलिस’ वेगळा निघाला आणि द्वीपकल्पाच्या कोरड्या, सपाट मुलखातल्या हरणटोळाला बेलचं नाव परत मिळालं. इतकी वर्षं हे सगळे एकाच नावाखाली मोजले गेले, याची मला खरोखर चुटपुट लागते.

सातपुड्यात असं दुर्लक्ष नवं नाही. 1884 नंतर हरवलेला रानपिंगळा नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्याच जंगलात पुन्हा सापडला, कारण कोणीतरी मुद्दाम शोधायला आलं. हरणटोळासाठी तर परदेशातून कोणी यायचीही गरज नाही. म्हसावद परिसरातल्या शाळांनी दिसलेल्या प्रत्येक हरणटोळाचा फोटो, तारीख, जागा आणि झाडाचं नाव वहीत नोंदवलं, तरी अभ्यासकांच्या हाती पुष्कळ काही लागेल.