चेहऱ्यावरील वण : त्वचा-कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचे

चेहऱ्याच्या त्वचेतील कर्करोगाची गाठ वा क्षत शस्त्रक्रियेने काढून टाकल्यावर होणारी जखम भरून आल्यानंतर मागे राहणाऱ्या खुणेस वण म्हणतात. अंतस्त्वचेपर्यंत खोल गेलेली जखम मूळच्या त्वचेने नव्हे, तर तंतुमय ऊतकाने भरून निघते. त्यामुळे अशा शस्त्रक्रियेनंतर वण राहणे अटळ असते. तो किती ठळक राहील हे मात्र गाठीचा आकार व स्थान, जखम बंद करण्याची पद्धत, त्वचेचा गुणधर्म आणि नंतरची निगा यांवर अवलंबून असते. यांपैकी गाठीचा आकार हा घटक सर्वांत महत्त्वाचा होय. चेहरा विद्रूप होईल या भीतीने पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतात. परंतु त्या अवधीत गाठ वाढत असल्यामुळे ज्या विद्रूपतेची भीती असते तीच या विलंबाने ओढवते.

रोगाचे स्वरूप व शस्त्रक्रिया : त्वचेच्या कर्करोगाचे तीन प्रकार प्रमुख आहेत. बाह्यत्वचेच्या तळच्या थराशी संबंधित असलेला तलकोशिका कर्करोग, वरच्या थरांतील चपट्या कोशिकांपासून होणारा शल्ककोशिका कर्करोग आणि रंगद्रव्य तयार करणाऱ्या कोशिकांपासून उद्‌भवणारा मेलॅनोमा. पहिले दोन प्रकार सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांशी निगडित असल्याने नाक, गाल, पापण्या, ओठ, कान व कपाळ या उघड्या भागांवर अधिक आढळतात. त्वचेतील मेलॅनीन या रंगद्रव्यामुळे भारतीयांत त्यांचे प्रमाण गोऱ्या वर्णाच्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी आहे. भारतीयांतील तलकोशिका कर्करोग मात्र बहुधा काळसर असतो आणि म्हणून तीळ वा चामखीळ समजून दुर्लक्षिला जातो. तो सावकाश वाढतो व क्वचितच दूर पसरतो. परंतु जवळची कूर्चा व हाड पोखरतो.

गाठ काढताना तिच्याभोवतीची निरोगी दिसणारी त्वचाही काढावी लागते, कारण कर्ककोशिका दृश्य सीमेपलीकडे पसरलेल्या असू शकतात. स्पष्ट सीमा असलेल्या लहान तलकोशिका कर्करोगासाठी ही कड सामान्यतः ४ मिमी. घेतात. म्हणजे ५ मिमी. व्यासाच्या गाठीसाठी १३ मिमी. व्यासाची जखम होते. हीच गाठ २० मिमी. झाल्यावर काढल्यास जखम किमान २८ मिमी. व्यासाची होते. पहिली जखम बहुधा साध्या टाक्यांनी मिटते. दुसरीसाठी नाकाच्या वा पापणीच्या भागाची पुनर्रचना करावी लागते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील फ्रेडरिक मोझ यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ऊतकाचा एकेक पातळ थर काढून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात व कर्ककोशिका उरलेल्या जागीच पुन्हा छेद घेतात. त्यामुळे रोग पूर्णपणे निघतो आणि निरोगी त्वचाही जास्तीत जास्त वाचते.

जखम भरण्याची प्रक्रिया : या प्रक्रियेचे टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात. प्रथम रक्त साकळून जखमेचे तोंड बंद होते. त्यानंतरचे काही दिवस दाहाचे असतात. या काळात श्वेतकोशिका मृत ऊतक व जंतू दूर करतात. पुढील सु. तीन आठवड्यांत नव्या केशवाहिन्या फुटतात, तंतुजनक कोशिका कोलॅजेन हे प्रथिन तयार करतात आणि कडांकडून बाह्यत्वचा सरकत येऊन जखम झाकते. स्नायूप्रमाणे आकुंचन पावणाऱ्या विशिष्ट तंतुजनक कोशिका याच सुमारास जखमेच्या कडा आत ओढतात. शेवटचा टप्पा पुनर्घडणीचा असून तो एक वर्ष वा त्याहून अधिक काळ चालतो. त्यात आधीच्या घाईने रचलेल्या कोलॅजेनाची जागा अधिक बळकट कोलॅजेन घेते व जादा रक्तवाहिन्या नाहीशा होतात.

वणाचे बदलते रूप यावरून समजते. टाके काढल्यावर बारीक दिसणारी रेघ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लाल, जाड व कडक होते. रुग्णाला शस्त्रक्रिया बिघडल्यासारखे वाटते. वस्तुतः हा नैसर्गिक क्रमच होय. पुढे वण मऊ, सपाट व फिकट होत जातो. म्हणून वण सुधारण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय साधारणपणे वर्षभर थांबून घेतात; पापणी वा ओठ ओढला जाऊन डोळा किंवा तोंड नीट मिटत नसेल, तर मात्र थांबत नाहीत. वणाची ताकद तिसऱ्या आठवड्यात मूळ त्वचेच्या जेमतेम ३० टक्के व तिसऱ्या महिन्यात सु. ८० टक्के असते. त्यापुढे ती फारशी वाढत नाही.

जखम बंद करण्याच्या पद्धती : लहान जखमेच्या कडा सरळ शिवतात. छेद त्वचेवरील नैसर्गिक ताणरेषांना समांतर घेतल्यास वण बारीक राहतो व सुरकुतीत लपतो. व्हिएन्ना येथील शारीरविज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये मृतदेहांच्या त्वचेवर गोल टोच्याने छिद्रे पाडून ती लंबगोल होतात असे दाखविले व त्यांवरून अशा रेषांचा नकाशा काढला. डोळ्याचा आतील कोपरा, कानशील यांसारख्या सपाट वा खोलगट जागी जखम उघडी ठेवून आपोआप भरू दिल्यासही वण चांगला येतो. कानामागून वा गळपट्टीच्या हाडावरून संपूर्ण जाडीची त्वचा घेऊन तिचे रोपण करता येते; परंतु तिचा रंग व पोत भोवतालच्या त्वचेशी नेहमीच जुळतो असे नाही.

मोठ्या जखमेसाठी शेजारची त्वचा एका बाजूस देठासारखी जोडलेली ठेवून वळवितात. या त्वचापटाला देठातून रक्त मिळत असल्याने तो जिवंत राहतो. या तंत्राच्या इतिहासात महाराष्ट्राला विशेष स्थान आहे. सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घेऊन गालाच्या त्वचेपासून नाक घडविण्याची कृती आहे. कपाळाच्या त्वचेची कृती पाश्चात्त्य जगास कळली ती पुण्याजवळील एका शस्त्रक्रियेमुळे. इंग्रज सैन्यातील कावसजी या बैलगाडीवानाचे नाक टिपू सुलतानाबरोबरच्या १७९२ च्या युद्धात कापले गेले होते. विटा पाडण्याचा पिढीजात व्यवसाय असलेल्या एका कारागिराने मेणाच्या पत्र्याने माप घेऊन कपाळावरील त्वचा वळविली, काताचा लेप लावलेल्या पट्ट्यांनी ती सांधली आणि सु. पंचविसाव्या दिवशी देठ कापला. लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात हा वृत्तांत आला. कपाळावरचा वण काही काळाने फारसा दिसून येत नाही, ही नोंदही त्यात आहे. त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला अशी शस्त्रक्रिया केली. कर्करोगामुळे नाकाचा मोठा भाग गेल्यास आजही मुख्यतः कपाळाचाच त्वचापट वापरतात व सु. तीन आठवड्यांनी देठ कापतात. कानाच्या कडेच्या पुनर्रचनेसाठी मुंबईचे शस्त्रक्रियाविशारद नोशीर अंतिया व बुच यांनी १९६७ मध्ये वर्णिलेली पद्धतही जगभर प्रचलित आहे.

उपद्रव : अतिपुष्ट वण जाड व लाल असला, तरी जखमेच्या सीमेतच राहतो व कालांतराने बहुधा ओसरतो. कीलॉइड मूळ जखमेबाहेर पसरतो, खाजतो व नुसता कापून काढल्यास बहुधा पुन्हा वाढतो. सावळ्या वर्णाच्या लोकांत तो अधिक होतो. मात्र कानाची पाळी व जबड्याची कड यांच्या तुलनेने नाक व पापण्यांवर तो क्वचित आढळतो. या दोहोंसाठी वणात स्टेरॉइडाचे अंतःक्षेपण, सिलिकोनाची पट्टी व दाब हे उपाय करतात. सावळ्या त्वचेत वणाभोवती काळसरपणाही येतो व तो अनेक महिने टिकतो. त्वचेतील तंत्रिका कापल्या गेल्याने येणारी बधिरता बहुधा हळूहळू कमी होते.

निगा : जखमेवर खपली धरू द्यावी ही समजूत चुकीची आहे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांत ओलसर राखलेल्या जखमेवर बाह्यत्वचा उघड्या जखमेच्या सु. दुप्पट वेगाने पसरते, असे दाखविले. म्हणून जखम स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन तीवर व्हॅसलिनाचा पातळ थर व पट्टी ठेवतात. राख, चुना, झाडपाला यांचे लेप जंतुसंसर्गास कारण होतात. चेहऱ्यावरील टाके सामान्यतः ५ ते ७ दिवसांत काढतात. उशीर झाल्यास टाक्यांच्या खुणा उमटतात. तंबाखू, विडी व मिश्री यांतील निकोटिनाने रक्तवाहिन्या आकुंचित होऊन त्वचापट मरू शकतो. मधुमेह आटोक्यात ठेवावा लागतो. जखम भरल्यावर वणाला हलके मालीश करतात व उन्हापासून त्याला जपतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वैभववाडीसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यातील रुग्णाला अशा उपचारासाठी अनेकदा घाट चढून कोल्हापूर, किंवा गोव्यातील बांबोळी वा मुंबई गाठावी लागते. त्वचापटाच्या शस्त्रक्रियेस किमान दोन खेपा, शिवाय मधली तपासणी आवश्यक असते. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याची तारीख, टाके जवळ कोठे काढता येतील व रक्तस्राव झाल्यास काय करावे, हे पहिल्या खेपेलाच ठरविणे हिताचे असते. उन्हात शेतीकाम करणाऱ्यांना रुंद काठाची टोपी वा डोक्यावरून पुढे ओढलेला पदर हे सहज जमणारे संरक्षण होय.

देखरेख : वण ही रोग निघून गेल्याची हमी नव्हे. वणात वा त्याच्या कडेला नवी गाठ, न भरणारे क्षत, वारंवार धरणारी खपली किंवा रक्तस्राव आढळल्यास पुनरुद्‌भवाची शंका घेऊन ऊतकपरीक्षा करतात. एकदा असा कर्करोग झालेल्या व्यक्तीला चेहऱ्यावर अन्यत्र तो होण्याचा संभवही अधिक असतो. म्हणून नियमित तपासणी अनेक वर्षे चालू ठेवतात. पुनरुद्‌भव लवकर ओळखला गेल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेचा वणही लहानच राहतो.