जुन्या रंगातील शिसे : घरमालकाची जबाबदारी कोठे सुरू होते?

नवी दिल्ली : जुन्या घराच्या भिंतीवरील रंगात शिसे असेल, तर त्यापासून होणाऱ्या अपायाची जबाबदारी कोणाची? रंग बनवणाऱ्याची, घरमालकाची की तेथे राहणाऱ्याची? अमेरिकेतील कायद्याने यातील मोठा वाटा घरमालकाकडे सोपवला आहे. मात्र तो किती, हे घर कोणत्या राज्यात आणि कोणत्या शहरात आहे, यावर अवलंबून आहे.

अमेरिकेत घरगुती रंगातील शिशाच्या वापरावर १९७८ मध्ये बंदी आली. त्यापूर्वी बांधलेल्या घरांत जुन्या रंगाचे थर आजही आढळतात. रंग शाबूत असेपर्यंत धोका मर्यादित असतो. पोपडे सुटू लागले, किंवा दारे-खिडक्यांच्या उघडझापीत रंग घासला गेला, की त्याची बारीक धूळ जमिनीवर साचते. रांगणाऱ्या मुलांच्या हातांवाटे ती पोटात जाते. शिशाचा मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून न येणारा असू शकतो. शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक असल्याचे ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

या संदर्भातील संघराज्य पातळीवरील मुख्य कायदा १९९२ चा आहे. त्यानुसार १९७८ पूर्वीचे घर विकताना किंवा भाड्याने देताना, तेथील शिसेयुक्त रंगाविषयी मालकाला जे ठाऊक असेल ते करारापूर्वी सांगणे बंधनकारक आहे. उपलब्ध तपासणी अहवाल आणि सरकारी माहितीपुस्तिकाही द्यावी लागते. खरेदीदाराला स्वखर्चाने तपासणी करून घेण्यासाठी दहा दिवसांची संधी मिळते. जाणूनबुजून माहिती दडवल्यास झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाई देण्याची वेळ मालकावर येऊ शकते.

या तरतुदीत एक मोठी फट आहे. मालकाने ठाऊक असलेली गोष्ट सांगायची आहे. तपासणी करण्याची किंवा रंग काढण्याची सक्ती हा कायदा करत नाही. परिणामी, ज्याने कधी तपासणीच केली नाही, त्याच्याकडे सांगण्यासारखे काही उरत नाही.

न्यूयॉर्क शहराने ही फट २००४ च्या स्थानिक कायद्याने बुजवली. भाडेकरू राहत असलेल्या १९६० पूर्वीच्या बहुनिवासी इमारतीत सहा वर्षांखालील मूल राहत असेल, तर तेथील रंगात शिसे आहे असेच गृहीत धरले जाते. ते नाही हे सिद्ध करणे मालकाचे काम. घरात लहान मूल आहे का, याची विचारणा त्याने दर वर्षी जानेवारीत करायची असते. भाडेकरूने उत्तर दिले नाही, तरी मालकाची सुटका होत नाही; चौकशी त्यालाच करावी लागते. मूल असल्यास घराची वार्षिक पाहणी आणि सुटलेल्या रंगाची सुरक्षित दुरुस्ती त्याच्यावर बंधनकारक आहे.

अनेक मराठी कुटुंबांचे वास्तव्य असलेल्या न्यू जर्सी राज्याने वेगळी वाट धरली. तेथे जुलै २०२२ पासून १९७८ पूर्वीच्या बहुतांश भाड्याच्या घरांची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची आहे. धोका आढळल्यास तो दूर करण्याचा खर्च मालकाचा असतो.

दुरुस्तीलाही नियम आहेत, कारण निष्काळजीपणे रंग खरवडल्यास धूळ घरभर पसरून धोका वाढतो. २०१० पासून १९७८ पूर्वीच्या घरांत एका खोलीतील सहा चौरस फुटांहून अधिक रंगाला हात लावणारे काम प्रमाणित कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते. भाड्याच्या घरात स्वतः काम करणाऱ्या मालकालाही हा नियम लागू आहे.

भारतात कायद्याचा रोख वेगळा आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार, १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये. हे बंधन उत्पादन, आयात आणि विक्रीवर आहे. भिंतीवर आधीच बसलेल्या रंगाची माहिती भाडेकरूला देण्याचे कर्तव्य या नियमांनी घरमालकावर टाकलेले नाही.

त्यामुळे जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहणाऱ्यांना स्वतःच खबरदारी घ्यावी लागते. सणापूर्वी रंगकाम काढताना जुना रंग कोरडा घासू नये. पृष्ठभाग ओला करूनच तो खरवडावा. काम सुरू असताना लहान मुले व गर्भवतींना त्या जागेपासून दूर ठेवावे. नंतर धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. मुलाच्या शरीरात शिसे गेल्याची शंका असल्यास रक्ततपासणीने त्याचे प्रमाण कळते.