हंड्यातली सालं

बुलढाणा जिल्ह्याची खरी फाळणी दोनच भागांत होते: घाटावरचे आणि घाटाखालचे. कागदावर तालुके १३ आहेत, पण सोयरीक जमवताना पहिला प्रश्न पोरगी घाटावरची की घाटाखालची हाच. माझी आजी चिखलीकडची, म्हणजे घाटावरची. लग्न होऊन खामगावकडे आली आणि जन्मभर इथल्या उकाड्याच्या नावानं बोटं मोडत राहिली. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मात्र तिची तक्रार उलटायची. घाटावर कशी हाडं गोठवणारी थंडी, इथं काय, नुसतं कोमट! तरी पहाटे चारला मागच्या अंगणातल्या चुलीवर पितळी हंडा चढलेला असे. त्यात आदल्या दिवशी खाल्लेल्या संत्र्यांची सालं, निंबाचा एक टहाळा आणि तुळशीच्या मंजिऱ्या तरंगत असत. एकदा मी सालं उकिरड्यावर टाकायला निघाले तर ती चुलीपासूनच ओरडली, "काऊन फेकतं वं? पाणी तापूनच राह्यलं नं, टाक त्यातच!"

घर दरवळावं म्हणून गॅसवर मंद आचेवर पातेलं ठेवायचं, त्यात फळांची सालं आणि मसाले घालायचे, ही कल्पना हल्ली सणासुदीला सगळीकडे दिसते. नाताळच्या थंडीत दारं-खिडक्या लावून बसणाऱ्या देशांत ती वाढली. तिच्या आधीची पायरी म्हणजे पोपुरी, सुगंधी पाकळ्यांची बरणी. या फ्रेंच शब्दाचा शब्दशः अर्थ आहे सडकं भांडं! पाकळ्या मिठाबरोबर थरावर थर रचून खरोखरच मुरवत असत, म्हणून नाव अगदीच खोटं नाही. आपल्याकडे सुगंधासाठी म्हणून वेगळं काही चुलीवर चढत नव्हतं. पाणी तापतच होतं, तेल कढतच होतं, वास त्या कामाच्या अंगानं येत होता.

त्या हंड्यात घडत काय होतं, ते सांगते. संत्र्याच्या सालीवर बारीक टिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या. साल वाकवून दिव्याच्या ज्योतीजवळ दाबली की तडतडून ठिणग्या उडतात. तो खेळ लहानपणी न खेळलेला माणूस आमच्या भागात सापडायचा नाही. या तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो. लिमोनीन एकटं उकळायला १७६ अंश सेल्सिअस लागतात, पण पाण्याच्या सोबतीत ते शंभराच्या आतच वाफेवर स्वार होऊन निघतं. अत्तराच्या भट्ट्या याच युक्तीवर चालतात. आजीचा हंडा म्हणजे झाकण नसलेली भट्टीच, तेल गोळा होण्याऐवजी अंगणभर उधळणारी.

म्हणून पातेलं खळखळा उकळू द्यायचं नाही. खळखळलं की पाव तासात सगळा वास उडून जातो आणि मागे उरतं कडवट पाणी. माझा अंदाज असा: अर्धा लिटर पाणी, दोन संत्र्यांची सालं, चार-पाच लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, मसाल्यासाठी दाणे काढून घेतलेल्या वेलदोड्यांची टरफलं आणि गवती चहाची दोन पाती गाठ मारून. एक उकळी आली की गॅस अगदी बारीक. पाणी आटलं तर गरम पाण्याचीच भर घालायची, म्हणजे तासभर काळजी नाही. मसाला अख्खाच हवा; पूड तळाला बसते, करपते आणि मग सणाच्या दिवशी घरात जळका वास फिरतो. दवणा, मरवा, तुळस हे नाजूक, त्यांना शेवटच्या दहा मिनिटांत बोलवावं. नाकाला आधी संत्रं आणि गवती चहा भेटतात, तेच आधी निघूनही जातात. लवंग जड आहे, ती रेंगाळते. वाळा सगळ्यात चिवट. पण तो उकळून फारसा खुलत नाही, माठात किंवा कूलरच्या ताटव्यातच त्याचं खरं राज्य.

संत्रं मुद्दाम आणायची गरज नाही. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या बागांचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतो. दिवाळीत हाताशी येणाऱ्या फळावर हिरवट झाक असते, चव अजून आंबट असते, पण साल उग्र आणि तरतरीत. ती सावलीत वाळवून डब्यात भरली तर पुढच्या उटण्यालाही होते. बाहेरून आणलेलं चकचकीत, मेण चढवलेलं फळ मात्र पातेल्यात घालू नये, असं माझं मत.

याच तालुक्यांच्या डोक्यावर सातपुडा आहे, आणि सातपुड्याच्या उतारांवर तिखाडी. काही जण रोशा गवत म्हणतात, वैद्यकाच्या ग्रंथांत रोहिष. पात चुरगाळली की गुलाबासारखा वास येतो, आणि तो भास नव्हे. गुलाबात असणारं जिरॅनिऑल हे द्रव्यच तिखाडीच्या तेलाचा मोठा हिस्सा आहे, चांगल्या तेलात पाऊणाहूनही जास्त. पाऊस सरला की तुरे येतात, तेल मुख्यतः त्या तुऱ्यांत. म्हणजे दिवाळीचा आणि तिखाडीचा मोसम एकच.

या गवताची भट्टी कशी लावत, याचं बारीक वर्णन मुंबई सरकारनं १८८० साली छापलेल्या खानदेशच्या गॅझेटिअरमध्ये आहे. ओढ्याकाठी, जिथं लाकूड आणि पाणी मुबलक, तिथं खड्डा खणून चूल करायची. तिच्यावर ३० ते ५० घागरी पाणी मावेल एवढी लोखंडी किंवा तांब्याची कढई. तिच्यात तोंडापर्यंत कापलेलं गवत, वर कणकेनं लिंपलेलं झाकण. झाकणातून कापडात गुंडाळलेली बांबूची नळी निघे, तिला उडदाच्या पिठाचा लेप. नळीचं दुसरं टोक वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या भांड्यात. कणीक, उडदाचं पीठ, कढई, चूल: सगळं सामान स्वयंपाकघरातलंच! भिल्ल गवत कापून आणत, मुसलमान कारागीर तेल काढत, आणि कातड्याच्या बुधल्यांतून बैलांच्या पाठीवर ते कोंडाईबारीच्या घाटानं सुरतेला किंवा धुळे-मनमाडमार्गे मुंबईला जाई.

पुढची गोष्ट जरा लबाडीची आहे. मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रातल्या बंदरांवरून इस्तंबूलला पोचे, तिथं त्याला तुर्की जिरॅनियम म्हणत, आणि तिथून बल्गेरियात. कझानलिकच्या दरीतल्या महागड्या गुलाब अत्तरात ते मिसळलं जाई. युरोपातल्या उंची रुमालांवर गुलाब म्हणून जे शिंपडलं गेलं, त्यातलं थोडं सातपुड्याचं गवत होतं. मला याचा उगाचच आनंद होतो. मेळघाटाच्या बाजूला तिखाडीचं तेल आजही मिळतं, पण गिऱ्हाईक ते विकत घेतं गुडघेदुखीसाठी. तिखाडीची वाळकी जुडी मिळाली तर दोन-तीन काड्या तुऱ्यांसकट पातेल्यात टाकून पाहा, लवंग मात्र त्या दिवशी वगळा. सातपुड्याच्या याच जंगलात सालईची झाडं आहेत. तिचा डिंक निखाऱ्यावर टाकला की ऊदासारखा धूर निघतो. धुपाचा डिंक देणाऱ्या अरबी झाडाची ती सख्खी चुलतबहीण आहे.

उटण्याच्या पुड्यात तर गंमत आणखी आहे. गव्हला, कचोरा, कपूरकाचरी, आंबेहळद, वाळा यांच्यासोबत त्यात नागरमोथा असतो. त्याच कुळातला लव्हाळा आमच्या काळ्या जमिनीत सोयाबीनच्या ओळींत माजतो. निंदून निंदून बायांच्या कंबरेचे काटे ढिले होतात, तरी त्याची गाठ खाली शाबूत. ती गाठ धुऊन, ठेचून हुंगली तर पहिल्या पावसातल्या मातीसारखा दाट वास येतो. जून ते सप्टेंबर शिव्या द्यायच्या आणि ऑक्टोबरात किराणा दुकानातून त्याच्या भावाला पैसे मोजून घरी आणायचं, हा आमचा शिरस्ता. आजी उटण्याच्या भरड्याची पुरचुंडी बांधून तिळाच्या तेलात सोडायची आणि तेल चुलीच्या कडेला निखाऱ्यावर ठेवायची. तेल उकळलं तर ते वाया, असं ती म्हणे. बोट सोसेल एवढंच तापायचं.

एक-दोन गोष्टींना मी भिते. चकल्या-करंज्यांच्या तळणीचा वास पातेलं ठेवून जात नाही. तेलाचे बारीक थेंब भिंतींवर, पडद्यांवर बसलेले असतात, त्यावर संत्र्याचा वास चढवला की दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी होतं. आधी खिडकी उघडा. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी, हेही खरं नाही. हवेतल्या ओझोनशी गाठ पडली की लिमोनीनपासून फॉर्माल्डिहाइड बनतं, मग ते सालीतून आलेलं असो की फवाऱ्याच्या डब्यातून. दम्याचा माणूस घरात असेल तर पातेलं नकोच. आणि सिलिंडरचा गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी मर्कॅप्टन मिसळतात. सुगंधाच्या नादात तो वास दबू देऊ नका, आणि पातेलं गॅसवर ठेवून फटाके पाहायला गच्चीवर तर मुळीच जाऊ नका.

माझ्या घरी आता चूल नाही, गीझर आहे, आणि गीझरमध्ये सालं टाकता येत नाहीत. म्हणून नरकचतुर्दशीच्या पहाटे मी गॅसवर पातेलं ठेवते आणि नंतर ते पाणी गाळून आंघोळीच्या बादलीत ओतते. गेल्या वर्षी लवंग, वेलदोडा, दालचिनी, गवती चहा असं सगळं मनासारखं जमलं. वास बैठकीपर्यंत पोचला. मुलगा पांघरुणातूनच म्हणाला, "आई, चहा झाला का?" त्यामागोमाग सासरेही उठून बसले. मग दुसऱ्या शेगडीवर आधण ठेवलं.