पोष ग्रंथी व जननक्रियेचे नियमन

पोष ग्रंथीचे 'पिट्युटरी' हे पाश्चात्त्य नाव एका जुन्या गैरसमजाचे स्मारक आहे. लॅटिनमध्ये 'पिट्युइता' म्हणजे कफ. मेंदूतील कफ या ग्रंथीवाटे नाकात उतरतो, अशी पूर्वी समजूत होती. समजूत गेली, नाव राहिले. पुढे हीच ग्रंथी सर्व अंतःस्रावी ग्रंथींची अधिपती मानली गेली. तेही पुरते खरे नव्हे. जननक्रियेपुरती तरी ती वरून येणाऱ्या आज्ञेची ताबेदार आहे.

ही आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून येते. परंतु ती कोणत्या मार्गाने? ग्रंथीच्या पुढील भागात मेंदूकडून आलेले मज्जातंतू जवळजवळ नाहीत. आहेत त्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. आज्ञा रक्तावाटे येते, हे मत इंग्रज शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी हिरिरीने मांडले. १९५२ साली त्यांनी व डोरा जेकबसन यांनी उंदरांच्या माद्यांची पोष ग्रंथी काढून दुसरी ग्रंथी हायपोथॅलॅमसच्या खाली बसविली. त्यांचे ऋतुचक्र पुन्हा सुरू झाले. काहींना गर्भही राहिला. मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली बसविलेली ग्रंथी जिवंत राहिली, पण निष्क्रिय. इतका निःसंदिग्ध प्रयोग विरळाच.

आज्ञा वाहणारे द्रव्य हाती येण्यास आणखी दोन दशके लागली. १९७१ साली अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेने डुकरांच्या मेंदूंतून मिळविलेल्या या द्रव्याची रचना उलगडली: अवघ्या १० अॅमिनो आम्लांची साखळी. त्याच्या प्रेरणेने पोष ग्रंथी पुटकोद्दीपक व पीतपिंडकर ही दोन हॉर्मोने रक्तात सोडते आणि ती अंडाशयास वा वृषणास कार्यप्रवृत्त करतात. अंडाशयातील इस्ट्रोजेन एरवी या स्रावांना आवर घालते. मात्र चक्राच्या मध्याला त्याची पातळी चढून टिकली म्हणजे तेच पीतपिंडकराचा लोंढा घडवून आणते व अंडे बाहेर पडते.

तथापि द्रव्याइतकाच त्याचा ताल महत्त्वाचा आहे. अर्न्स्ट क्नोबिल यांच्या प्रयोगशाळेने १९७८ साली माकडांवर हे दाखविले. तासातून एकदा, थोडा वेळ द्रव्य दिले की ग्रंथी नीट काम करी. तेच अखंड दिले की तिचे स्राव ओसरत. उच्चार तोच, पण मधला विराम नाहीसा झाला की अर्थ उलटतो, असे भाषेच्या अभ्यासकास सहज वाटावे. हा ताल चालता ठेवण्यात किसपेप्टिन नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. त्याचा ग्राहक सदोष असेल तर मूल वयातच येत नाही, हे २००३ साली उघड झाले.

या उलटफेराचा उपयोग वैद्यकात दोन्ही बाजूंनी होतो. ज्या स्त्रीच्या मेंदूकडून आज्ञाच येत नाही, तिला लहानशा पंपाने साधारण दीड तासाच्या अंतराने हे द्रव्य दिले असता गर्भधारणा होऊ शकते. उलट, सहा-सात वर्षांची मुलगी अकालीच वयात येऊ लागली, तर त्याच द्रव्याचे दीर्घकाळ टिकणारे रूप टोचून पोष ग्रंथी शांत ठेवतात. योग्य वयात इंजेक्शने थांबविली म्हणजे खोळंबलेला क्रम पुन्हा चालू होतो.