छोटी टॉर्च घेताय? आधी हे बघा

मागच्या पावसाळ्यात राजमाचीच्या नाईट ट्रेकला मी मोबाइलच्या फ्लॅशवरच गेलो. धुक्यात चार पावलांपुढचं दिसेना. मित्राचा पाय मुरगळला, फोन लावायला गेलो तर बॅटरी ३ टक्के! तेव्हाच ठरवलं, टॉर्च वेगळी हवी.

मित्रांनो, बॉक्सवरचे ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. तो किती लांब जाईल हे कँडेलावरून कळतं. १०,००० कँडेलाच्या टॉर्चची रेंज २०० मीटर लिहितात, पण तिथे पोचतो फक्त पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. पायवाटेवर लांब झोतापेक्षा पसरट उजेड कामाचा.

छोट्या टॉर्चची खरी अडचण उष्णता. टर्बो मोडवर बॉडी तापते आणि सर्किट आपोआप उजेड कमी करतं. म्हणून मधल्या मोडचा रनटाइम बघा.

आता बॅटरी. १८६५० म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम-आयन सेल. ताकद भरपूर, पण डिस्चार्ज झाला की चार्जिंगशिवाय गत्यंतर नाही. पेन्सिल सेल (डबल-ए) गावातल्या दुकानातही मिळतो, उजेड मात्र कमी.

पावसासाठी आयपीएक्स७ रेटिंग बघा: एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. चार्जिंग पोर्टचं रबरी झाकण मात्र घट्ट बसवा.

मी पेन्सिल सेलवालीच घेतली. उजेड बेताचा आहे, पण आता फोनची बॅटरी फोन लावायला शिल्लक राहते.